क्षांति म्हणजे भित्रेपणा नव्हे

राग न येणारा मनुष्य निर्जीव होय, असें कित्येक विद्यार्थी अभिमानानें बोलतात. आणि मुलानें मार खाऊन घरीं येण्यापेक्षां मारून यावें, अशी शिकवण कित्येक पालकही देतात. या मताचा थोडा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें. परभणी जिल्ह्यांत बौद्ध कुटुंबें पुष्कळ आहेत. आम्ही स्वतः ख्रिस्ती असलों, तरी त्यांच्या धर्मांत या विषयाचा जो विचार झाला आहे, तो सर्वांनींच ऐकण्याजोगा आहे, असें आमचें मत आहे.

बौद्ध धर्मांत दहा पारमिता, म्हणजे पूर्णत्वास न्यावयाचे सद्गुण, सांगितल्या आहेत. त्यांत क्षांति ही एक होय. अपकार सोसूनही मनांत द्वेषास थारा न देणें, हा तिचा अर्थ. आपल्या मराठवाड्यांतच, अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यांत, या गुणाच्या एका जातककथेचें चित्र आहे. बोधिसत्त्व रानरेड्याच्या जन्मास आला असतां एक वानर त्याच्या पाठीवर चढे, शिंगांस लोंबकळे, नाना तऱ्हांनीं त्यास छळी. तरी तो शांत राही. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, सोसणारा ससा नसून रेडा आहे. एका हिसड्यासरशीं वानरास लोळविण्याचें बळ ज्याच्या अंगीं आहे, त्याच्या शांत राहण्यास भित्रेपणा कोण म्हणेल?

मग अन्याय मुकाट्यानें सोसावा काय? मुळींच नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या अनुयायांसह महाड येथील चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्याच दिवशीं परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला होऊन कित्येक जखमी झाले. त्यांच्यांत फौजेंत नोकरी केलेले पुरुष होते. उलट हात उगारणें त्यांस कठीण नव्हतें. परंतु बाबासाहेबांनीं त्यांस आवरलें. मोठा रक्तपात टळला. हक्क मात्र सोडला नाहीं. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला. दहा वर्षें! रागाची धग इतकी टिकत नाहीं. टिकतो तो निश्चय. त्याच बाबासाहेबांनीं पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

हा गुण एका दिवसांत अंगीं येत नाहीं. बौद्ध साधनेंत राग दडपून टाकावयास सांगत नाहींत. तो उत्पन्न होतांच त्याजकडे पाहावयास सांगतात. श्वास जलद झाला, अंग तापलें, मूठ वळली, हें ज्यानें वेळींच ओळखलें, त्याचा हात सहसा सुटत नाहीं. जोडीला मैत्रीभावना, म्हणजे अपकार करणाराचेंही कल्याण चिंतणें, हा नित्याचा अभ्यास. तालमींत रोज जोर काढल्यावांचून दंड भरत नाहींत, तसेंच हें.

तेव्हां मुलांनो, कोणीं अपशब्द बोलला किंवा अंगावर आला, तर तक्रार अवश्य करा, साक्ष द्या, दाद मागा; पण हात उगारण्यापूर्वीं चार श्वास मोजा. आणि पालकांनींही 'मारून ये' असें सांगण्याऐवजीं 'दाद मागून ये' असें सांगावें, अशी आमची विनंति आहे.