रंग बिघडला की आधी पारख, मग पार्ट

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागीर बांधवांत एक जुनी रीत आहे. संच दुकानात आला की तपासणी फुकट आणि मजुरी मात्र बदललेल्या पार्टवर. ही रीत वरवर पाहता गिऱ्हाइकाच्या सोयीची वाटते. आमच्या मते मात्र तिने गिऱ्हाइकाचे आणि कारागिराचे, दोघांचेही नुकसान केले आहे. पार्ट बदलला तरच पैसे मिळणार असतील तर हात आपोआप पार्टकडेच वळतो. दोष काय होता हे दोघांनाही शेवटपर्यंत कळत नाही. जुन्या प्रोजेक्शन टीव्हीचे रंग बिघडतात तेव्हा ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

हे मोठ्या पडद्याचे संच आता कोणी बनवीत नाही. सोनीने ते २००८ साली बंद केले आणि मित्सुबिशीने २०१२ साली बंद करण्याचे जाहीर केले. तरीही एखाद्या हॉटेलात, क्लबात किंवा परदेशाहून परतलेल्या कुटुंबाच्या घरी असा संच अजून जपलेला असतो. मालकाचा त्यावर जीव असतो, पण सुटे भाग सहज मिळत नाहीत. अशा वेळी अंदाजाने पार्ट बदलत बसणे परवडत नाही.

आधी या संचाची रचना ध्यानात घ्यावी. १९८२ साली दूरदर्शनवर रंग आले आणि आपल्याकडच्या मेकॅनिकांचा हात एका पिक्चर ट्यूबच्या संचावर बसला. ट्यूबच्या जुन्या प्रोजेक्शन संचात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वेगळ्या ट्यूब असतात. प्रत्येकीसमोर भिंग असते. तिन्ही चित्रे आरशावरून पडद्यावर येऊन एकमेकांवर बसतात. प्रत्येक ट्यूब एकाच रंगाची असल्यामुळे तिच्यात नेहमीच्या ट्यूबसारखी छिद्रांची जाळी नसते. म्हणून रंगाचे डाग पडले म्हणजे डीगॉसिंग कॉइल फिरवायची, ही सवय इथे कामाची नाही.

पहिली तपासणी मागचे झाकण न उघडता होते. संचाचा स्वतःचा मेनू पडद्यावर आणावा. मेनूतले रंग ठीक असतील आणि चित्राचेच बिघडले असतील तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या सिग्नलमध्ये असतो. हिरव्या, निळ्या आणि लाल टोकांच्या तीन केबली असतील तर एकेक काढून पाहावी. नुसती हिरवी जोडलेली असेल तर चित्र काळेपांढरे येते. लाल पिन सैल असेल तर माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. अमेरिकेतून आणलेला संच एनटीएससी पद्धतीचा असतो आणि आपली जुनी पद्धत पाल. त्यामुळे इथल्या डीव्हीडीचे चित्र त्यावर बेरंग दिसू शकते. यांपैकी कशालाही पार्ट लागत नाही.

मेनूचेही रंग बिघडले असतील तर पुढे जावे. पांढऱ्या रेघांच्या कडेला लाल-निळ्या रेघा सुटलेल्या दिसत असतील तर तिन्ही चित्रे एकमेकांवर बसत नाहीत, म्हणजे कन्व्हर्जन्स गेला. संच अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्यावा आणि मग मेनूतून लाल व निळी रेघ हिरवीवर आणून पाहावी. रेघा जागेवर आल्या तर काम तिथेच संपले. रेघा धनुष्यासारख्या वाकल्या असतील आणि हलवूनही हलत नसतील तर कन्व्हर्जन्सच्या आउटपुट आयसीवर संशय घ्यावा. पुष्कळ संचांत त्या एसटीके मालिकेच्या असतात. त्या बदलताना शेजारचे कमी ओहमचे रेझिस्टर मोजावेत, हीट सिंकवर नवी पेस्ट लावावी आणि आयसी ओळखीच्या खात्रीच्या दुकानातूनच घ्यावी. या आयसींची नक्कल बाजारात फार आहे. नकली आयसी थोड्याच दिवसांत जाते आणि नाव कारागिराचे खराब होते.

एक रंग पूर्ण नाहीसा झाला असेल तर कोणत्या भिंगातून उजेड येत नाही ते पाहावे. दोष त्या ट्यूबच्या मानेवरच्या बोर्डात आहे की ट्यूबमध्येच, हे मोजून ठरवावे. याउलट एकच रंग पडद्यावर भरून राहिला आणि आडव्या रेघा दिसू लागल्या तर संच लगेच बंद करावा. तसाच चालू ठेवला तर ट्यूबचा लेप जळतो, आणि जळलेला लेप परत येत नाही.

उजळ अक्षरांभोवती धुके दिसत असेल तर ट्यूबसमोरचे थंडाव्याचे द्रव पाहावे. ते वर्षांनी गढूळ होते आणि बदलता येते. पण त्यात ग्लायकोल असते. ते चवीला गोड आणि विषारी असते, म्हणून मुलांपासून दूर ठेवावे. नुसती धूळ बसली असेल तर भिंग आणि आरसा पुसूनही चित्र पुष्कळ उजळते. या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, त्यामुळे खरखरीत फडके लावले की ओरखडे कायमचे राहतात.

दोन गोष्टी कधीही विसरू नयेत. ट्यूबला सुमारे ३०,००० व्होल्टचा दाब जातो आणि संच बंद केल्यावरही तो काही वेळ साठून राहू शकतो. शिकाऊ पोराला एकट्याने आत हात घालू देऊ नये. दुसरी गोष्ट, सर्व्हिस मेनूतला आकडा बदलण्यापूर्वी जुना आकडा वहीत उतरवावा.

वर सांगितलेल्या दोषांपैकी निम्मे पार्टाविना दुरुस्त होतात. तपासणी फुकट करणाऱ्या कारागिराला या कामातून काय मिळणार? सैल पिन घट्ट करून तो पैसे कसे मागणार? मग एक तर तो फुकट राबतो, नाहीतर न बदललेल्या पार्टाचे पैसे लावतो. पहिल्याने घर चालत नाही आणि दुसऱ्याने पत जाते. यातून सुटायचा मार्ग आमच्या मते एकच आहे. तपासणीची मजुरी वेगळी, आधी सांगून आणि पावतीवर लिहून घ्यावी. डॉक्टर औषध दिले नाही तरी फी घेतो, कारण लोक त्याच्या ज्ञानाचे पैसे देतात. कारागिराचे ज्ञान काय कमी मोलाचे आहे?

गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती काहींना वाटते. पहिल्या खेपेला काही गिऱ्हाइके कुरकुरतील, हे आम्हांलाही मान्य आहे. पण त्याच गिऱ्हाइकाला मेनू उघडून दोष डोळ्यांनी दाखवा, काढलेला पार्ट त्याच्या हातात द्या. दिसलेल्या कामाचे पैसे द्यायला माणूस कचरत नाही. दुकानात ठेवलेला संच ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. ती कशी हाताळली हे त्याला कळलेच पाहिजे.

नाही म्हणणेही याच मजुरीत येते. ट्यूबचा लेप झिजला असेल, वर्षानुवर्षे एकाच जागी दिसणाऱ्या चिन्हाची सावली पडद्यावर उमटली असेल, तर कोणताही आकडा फिरवून ती पुसली जात नाही. तसे स्पष्ट सांगावे, तपासणीचे पैसे घ्यावेत आणि संच अधिकृत ई-कचरा केंद्रात देण्याचा सल्ला द्यावा. खर्चात पडण्यापासून वाचलेले गिऱ्हाईक उद्या पंखा, मिक्सर, नवा टीव्ही घेऊन याच दुकानात येईल.

प्रोजेक्शन टीव्ही आज ना उद्या संपतील. पारख करून तिचा मोबदला उघडपणे मागायची सवय मात्र पुढच्या प्रत्येक यंत्राला लागू पडेल. या महिन्यापासून आपल्या दुकानात तपासणीच्या मजुरीची पाटी लावावी, अशी कारागीर बांधवांना आमची विनंती आहे.