पट्टीखालची खाज आणि आपले मौन



शिकविणे हा आमचा पेशा. गृहपाठ नीट करून आणणाऱ्या मुलाच्या वहीत आम्ही एक रंगीत चित्र चिकटवितो. त्यास हिब्रू भाषेत 'मदबेका' म्हणतात. योगायोग असा की, पाळी जाण्याच्या वयात डॉक्टर स्त्रीला अंगावर लावावयास देतात त्या औषधी पट्टीसही येथे मदबेका असेच म्हणतात. मुले आपली मदबेका घरी जाऊन आजी-आजोबांना मोठ्या अभिमानाने दाखवितात. मोठ्या बायकांची मदबेका मात्र कपड्याखाली दडलेली असते, आणि तिच्यामुळे अंगावर उठलेला पुरळ तर त्याहूनही खोल दडविला जातो. या दुसऱ्या मदबेकेविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. विषय संकोचाचा आहे हे आम्ही जाणतो. परंतु त्या संकोचाची किंमत कोणास मोजावी लागते, हेच येथे सांगावयाचे आहे.

आमच्या परिचयाच्या एका भगिनीची हकीगत सांगतो. वय त्रेपन्न. रात्री अंगातून वाफा निघत, चादर भिजून जाई, पहाटे तीनला उठून बसावे लागे. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सुरू केली आणि काही आठवड्यांतच गेलेली झोप परत आली. पुढे उन्हाळा लागला, हमसीनचे दिवस आले आणि पट्टीखाली खाज सुटू लागली. पट्टी काढली की खाली चौकोनी डाग आणि बारीक पुरळ. बाई दवाखान्यात गेल्या, त्या धाकट्या मुलास दुभाषी म्हणून बरोबर घेऊन. आता मुलासमोर कमरेखालची गोष्ट कशी काढावी? "अंगाला खाज येते," एवढेच त्या बोलल्या. मुलाने तेवढेच भाषांतर केले. डॉक्टरांनी साबण बदलावयास सांगितले आणि खाजेच्या गोळ्या लिहून दिल्या. पट्टीचे नाव कोणीच काढले नाही. महिनाभराने बाईंनी कोणास न विचारता पट्टी फेकून दिली. खाज गेली, पण तिच्याबरोबर झोपही गेली.

या प्रकरणात दोष कोणाचा? मुलाचा तर नव्हेच. डॉक्टरांनी दोन प्रश्न अधिक विचारावयास हवे होते, हे खरे. पण मुख्य दोष मौनाचा, आणि ते मौन आपण आयांकडून वारशाने घेतलेले आहे.

कोणी म्हणेल, "आपल्या आयांनी कोठे पट्ट्या लावल्या? त्यांचे दिवस गेलेच की!" गेले, परंतु कसे गेले हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे वैद्यक मानते; पण त्याच्या आधी आणि नंतर अंगाची जी आग होते ती एक-दोन महिन्यांची पाहुणी नव्हे. अमेरिकेत अनेक वर्षे चाललेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हा त्रास निम्म्या स्त्रियांना सात वर्षांहून अधिक काळ झाल्याचे आढळले. सात वर्षे रात्री जागून काढणे म्हणजे सहनशीलता, असे आम्हांस वाटत नाही.

प्रत्येकीने पट्टी लावलीच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे अशांस, व इतरही काहींस, हे औषध सहसा देत नाहीत. तो निर्णय डॉक्टरांचा. पण ज्यांना ती दिली आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इस्ट्रोजेन गोळीवाटे घेतले म्हणजे ते प्रथम यकृतातून जाते आणि रक्ताच्या गाठी होण्याचा धोका काहीसा वाढतो. त्वचेवाटे नेहमीच्या मात्रेत घेतल्यास तो तसा वाढल्याचे दिसत नाही. म्हणून पट्टी ही सहजासहजी टाकून देण्याजोगी वस्तू नव्हे.

मग ही खाज येते कशाने? अमेरिकेत १९८६ साली मान्य झालेल्या पहिल्या इस्ट्रोजेन पट्टीत औषध मद्यार्कात मिसळून एका बारीक पिशवीत भरलेले असे, आणि त्या मद्यार्कानेही कातडी चुरचुरे. पुढे औषध थेट गोंदातच मिसळलेल्या पातळ पट्ट्या आल्या व हा त्रास पुष्कळ कमी झाला. पण गोंद राहिलाच. शिवाय पट्टीखाली हवा खेळत नाही, घाम कोंडतो, आणि लोद काय किंवा अश्दोद काय, आपल्या वस्त्यांतील उन्हाळा आपणास ठाऊकच आहे.

ही प्रतिक्रिया दोन प्रकारची असते आणि त्यांतील भेद प्रत्येकीने जाणून घ्यावा. पहिला प्रकार साध्या चुरचुरण्याचा. डाग पट्टीच्या आकाराएवढाच राहतो आणि पट्टी काढल्यावर काही तासांत वा एक-दोन दिवसांत ओसरतो. दुसरा प्रकार खऱ्या ॲलर्जीचा. ही बहुधा गोंदाची असते, क्वचित औषधाची. यात पुरळ पट्टीच्या कडेबाहेर पसरतो, बारीक फोड येतात, खाज पट्टी काढल्यावरही दोन-तीन दिवस वाढत जाते, आणि नवी पट्टी लावताच पुन्हा तेच. पहिल्यावर बहुतेक वेळा घरच्या घरी उपाय होतो. दुसऱ्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. ते पाठीवर निरनिराळ्या पदार्थांचे ठिपके दोन दिवस चिकटवून दोष नेमका कशाचा हे पाहतात. जाताना औषधाचे खोके बरोबर न्यावे. सर्वांगावर पित्त उठले, ओठ वा चेहरा सुजला, श्वास जड झाला, तर मात्र पट्टी काढून तत्काळ दवाखाना गाठावा.

येथे आमच्या सावळ्या रंगाची गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. पुस्तकांत लिहिलेले असते, 'त्वचा लाल होते'. ती गोऱ्या कातडीवर होते. आपल्या कातडीवर तोच दाह तपकिरी वा जांभळट दिसतो आणि बरा झाल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने मागे ठेवतो. लाली दिसत नाही म्हणून "काही नाही" असे कोणी म्हटले, तर भगिनींनो, मान डोलावून परतू नका. हात लावून पाहा म्हणावे; ऊन लागते, खरखरीत लागते.

आता घरचे उपाय. पट्टी बेंबीखाली पोटावर, कुल्ल्यावर किंवा आपल्या औषधाच्या कागदात सांगितले असेल तेथे लावावी. स्तनावर कधीही लावू नये. परकराची नाडी वा चोळण्याचे इलॅस्टिक जेथे घासते ती जागा टाळावी. दर वेळी जागा बदलावी आणि त्याच जागी निदान आठवडाभर पुन्हा येऊ नये. त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी व निववावी. स्नानाहून आल्याबरोबर घामेजल्या अंगावर पट्टी लावू नये. पावडर नको, आणि तेल तर नकोच. आपण शनिवार तेल्यांची लेकरे. खोबरेल अंगाला चोळल्याशिवाय आपणास आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही! पण तेलावर पट्टी धरत नाही. तेलाचा उपयोग मागाहून. पट्टी ओढून न काढता हळूहळू सोलावी, आणि राहिलेला गोंद तेलाच्या बोटाने पुसून मग ती जागा धुवावी. उठलेल्या पुरळावर हळद, लिंबू, कडुनिंबाचा पाला लावू नये. सोललेल्या कातडीस तेही झोंबतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मलम काही दिवस लावता येते, मात्र पट्टी काढल्यानंतरच्या जागेवर, नव्या पट्टीखाली नव्हे. पट्टीवर शेकण्याची पिशवी ठेवू नये आणि मनाने तिचे तुकडेही करू नयेत.

एवढ्यानेही भागले नाही तरी दार बंद होत नाही. प्रत्येक कंपनीचा गोंद सारखा नसतो. एक पट्टी सोसत नाही तिला दुसरी सोसते. गोंद मुळीच सोसत नसेल तर तेच औषध जेलच्या रूपात मिळते. जेल लावल्यावर हात धुवावे आणि ती जागा वाळून झाकली जाईपर्यंत नातवंडांना जवळ घेऊ नये. एक इशारा मात्र ठळकपणे देतो. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टोजेन हे दुसरे औषध दिलेले असते, ते गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी. पट्टीच्या गोंधळात ते आपल्या मनाने सोडू नये.

धर्माचाही एक प्रश्न येथे येतो. आठवड्यातून दोनदा बदलावयाची पट्टी रविवार व बुधवार अशी लावून घेतली, तर शब्बाथ आड येत नाही. पाळी अनियमित असता ज्या भगिनी मिक्वेचा नियम पाळतात त्यांनी पट्टी व गोंद यांविषयी रब्बींना किंवा जाणत्या रब्बाणीत बाईंना अगोदर विचारावे. ते असे प्रश्न नित्य ऐकतात. त्यांना नवल वाटत नाही.

आमचे मत थोडक्यात असे. पट्टी टाकून देणे हा उपाय नव्हे आणि पुरळ सोसणे हेही पुण्य नव्हे. तिसरी वाट बोलण्याची आहे. दवाखान्यात मुलाऐवजी मुलीस, सुनेस अथवा मैत्रिणीस न्यावे. आपल्या महिला मंडळांनी मलिद्याच्या तयारीस जो वेळ दिला त्यातील एक संध्याकाळ या विषयास द्यावी, एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे, आणि कुपत खोलीमच्या सूचना मराठीत उतरवून घराघरांत पोहोचवाव्यात. हे काम करावयास आम्ही शिक्षक मंडळी आनंदाने बसू.

तोवर एक वाक्य पाठ करून ठेवावे, किंवा चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवावे: "येश ली प्रिखा मिताखत लामदबेका", म्हणजे पट्टीखाली मला पुरळ उठला आहे. पाच शब्द आहेत. ज्या बायकांनी परक्या भाषेत घर उभे केले, नोकऱ्या केल्या, मुले शिकविली, त्यांना हे पाच शब्द जड जाऊ नयेत.