स्थूलतेचे खापर मनावर कशासाठी?

उद्योगसमूहांच्या आरोग्यशिबिरांतून हल्ली एक नवे शास्त्र सांगितले जाते. स्त्रीचे वजन वाढते ते तिला स्वतःच्या भावना ओळखता येत नाहीत म्हणून. राग, कंटाळा, एकटेपणा यांवर ती खाण्याचा उतारा शोधते. सबब तिची ‘भावनिक बुद्धिमत्ता’ वाढविली की आहार आवरेल आणि व्यायामही होईल. सॅलोव्ही व मेयर यांनी ही संकल्पना १९९० मध्ये मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती व्यवस्थापकांच्या मेजावर नेऊन ठेवली. ती टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. मनाचा आणि ताटाचा संबंध आहे, हे कोणतीही गृहिणी सांगेल. आक्षेप आहे तो त्या संबंधाच्या आडून जबाबदारी कोणाच्या माथी मारली जाते, याला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार अधिक वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. शहरांत तर ३३ टक्के. एवढ्या थोड्या वर्षांत देशातील स्त्रियांचे मन इतके दुबळे झाले, असे समजावयाचे काय? त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. एकाच समाजात वजनही वाढते आणि रक्तही आटते, याचा अर्थ पोट स्वस्त उष्मांकांनी भरते आहे, पोषणाने नव्हे. हा बाजाराचा हिशेब आहे, मनोविकार नव्हे.

तळवडे घ्या. एकीकडे माहिती तंत्रज्ञानाची काचेची संकुले, दुसरीकडे पत्र्याच्या शेडमधले लघुउद्योग. संगणकापुढे बसणारी अभियंता आणि तिच्या कचेरीची फरशी पुसणारी कंत्राटी कामगार यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असेल. पण घरी पोचल्यावर चूल दोघींचीच. वेळ-वापर पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची २९९ मिनिटे त्यात जात होती. हा आकडा २०१९ चा. २०२४ मध्ये तो २८९ झाला. पाच वर्षांत दहा मिनिटांची क्रांती! घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची मिनिटे मात्र ८८. हिने फिरावयास जावे केव्हा? शिवाय साहेब, ग्राहक, सासर अशा सर्वांची मर्जी दिवसभर सांभाळणे हेही श्रमच, हे आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्येच विमानसेविकांच्या अभ्यासातून दाखविले. अशा स्त्रीला भावना ओळखण्याचे धडे कोणी द्यावेत?

शासनाचे वर्तन तर आणखी मौजेचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तेल दहा टक्के कमी खाण्याचा उपदेश केला आणि सप्टेंबरात बिस्किटे व फरसाण यांवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आणला. उपदेश स्त्रीला, सवलत कारखानदाराला.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने उपाहारगृहाची सक्ती शंभर कामगारांच्या आस्थापनेपर्यंत खाली आणली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील किमान कामगारसंख्या दहावरून वीसवर नेली. म्हणजे लहान शेड कक्षेबाहेर. ८ डिसेंबर २०२३ रोजी याच तळवड्यात केकवरील शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या बेकायदा कारखान्यात आग लागून तेथे राबणाऱ्या स्त्रिया होरपळून मेल्या. जेथे जिवाचीच शाश्वती नाही, तेथे आहाराचे वेळापत्रक कोण विचारतो?

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाला ‘मध्यमवर्गीय बायकांचे दुखणे’ म्हणून नाक मुरडू नये. लहान शेडमधील कामगारांसाठी औद्योगिक महामंडळाने वसाहतीत सामायिक उपाहारगृह व पाळणाघर चालवावे, महापालिकेने स्त्रीला रात्रीही निर्धास्त चालता येतील असे दिव्याचे पदपथ द्यावेत, ही मागणी दारोदार नेली पाहिजे. आणि मालकांना भावनांचे शिबिर घ्यावयाचेच असेल, तर ते कामाच्या वेळात, पगार न कापता घ्यावे.