दुश्चित कोण?

हल्लीं जळगांव-धुळ्याकडील कोणत्याहि महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनास जावें. अध्यक्षांच्या भाषणांतील एक परिच्छेद न ऐकतांच सांगतां येतो. आजचा विद्यार्थी आळशी झाला आहे, तो मोबाइलमध्यें बुडाला आहे, आणि आमच्या वेळीं आम्ही रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करीत होतों, असा तो परिच्छेद. टाळ्या पडतात, त्या बहुधा पालकांच्या असतात. मग अध्यक्षमहाराज खालीं बसतात आणि पुढील वक्त्याचें भाषण चालू असतां खिशांतून स्वतःचा मोबाइल काढून पाहूं लागतात. ह्या शेवटच्या गोष्टीचा आम्हांस राग नाहीं. ती मनुष्यस्वभावास धरून आहे. आमचें भांडण त्यांच्या निदानाशीं आहे. रोग एक आणि औषध भलत्याच रोगाचें, असा हा प्रकार चालला असून त्यांत आमच्या प्रांतांतील मुलांचीं उमेदीचीं वर्षें खर्ची पडत आहेत.

आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेला प्रसंग सांगतों. मुलगा बारावीस. रसायनशास्त्राचें पुस्तक सायंकाळीं सात वाजतां उघडलें, तें साडेनऊपर्यंत त्याच पानावर होतें. पुस्तकाआड मोबाइल. वडिलांनीं तो हिसकावून कपाटांत बंद केला. मुलगा अभ्यासास लागला काय? छे! त्यानें टेबल आवरलें, पेन्सिलींना टोकें केलीं, पाण्याची बाटली दोनदां भरून आणली, नवें वेळापत्रक आंखून त्यास तीन रंग दिले, आणि अकरा वाजतां तो झोंपीं गेला. पुस्तक त्याच पानावर! वडिलांच्या हें ध्यानांत आलें नाहीं, कारण ते बाहेरच्या खोलींत रील पाहत होते. दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुलास एकटें गांठून विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, तें पान उघडलें कीं पोटांत गोळा येतो. गेल्या चाचणींत त्या धड्याला शून्य होतें. आप्पांना सांगूं नका."

चालढकलीचें मर्म ह्या उत्तरांत आहे. फ्युशिया सिरॉइस व टिमोथी पिचिल ह्या मानसशास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं मांडलेलें मत असें कीं, चालढकल हा वेळेच्या हिशेबांतला दोष नसून दुखऱ्या मनाची तात्पुरती समजूत घालण्याचा प्रकार आहे. काम समोर आलें म्हणजे भीति, कंटाळा, मागील फजितीची आठवण हीं वर येतात. काम दूर सारलें म्हणजे तीं घटकाभर शमतात. ती घटकाभराची शांति हेंच बक्षीस, आणि ज्या कृतीस बक्षीस मिळतें ती माणूस पुन्हां करतो. आळशी मनुष्य सुखानें लोळतो. चालढकल करणाऱ्यास तें सुखहि नाहीं. टाळलेलें काम त्यास सारखें टोंचत असतें. ज्यास आपण आळस म्हणून झोडपतों तें पुष्कळदां नुसतें भय असतें, आणि झोडपल्यानें भय वाढतें हें सांगण्यास मानसशास्त्रज्ञ कशाला हवा?

ह्यावरून आम्हीं मोबाइलचें वकीलपत्र घेतलें आहे असें कोणी समजूं नये. अभ्यासास भिणारा मुलगा पूर्वींहि होता. तो खिडकींतून बाहेर पाहत बसे. परंतु खिडकीचा कंटाळा येई, आणि तो कंटाळाच त्यास पुस्तकाकडे परत आणी. ह्या यंत्रानें तो परतीचा रस्ता बुजविला. बोट फिरवावें तसें खालून नवें येत राहावें, पान कधीं संपूंच नये, ही योजना २००६ च्या सुमारास एझा रॅस्किन ह्या गृहस्थानें रचली व पुढें तिजबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला. स्किनरच्या प्रयोगशाळेंतील कबुतरांस किती चोंची मारल्यावर दाणा मिळेल हें अनिश्चित ठेविलें, तेव्हां तीं चोंची मारण्याचें थांबवीतनात. तीच अनिश्चितता प्रत्येक नव्या चित्रफितींत आहे. त्यांत २०१६ सालीं जिओ आल्यापासून इंटरनेट कवडीमोल झालें, आणि मार्च २०२० मध्यें शाळा बंद पडल्यावर वर्गच मोबाइलमध्यें जाऊन बसला. तो पुरता बाहेर आलेला नाहीं. व्याख्यानें, टिपणें, परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, सारें तेथेंच. कपाटांत मोबाइल कोंडणारे आप्पा त्याबरोबर शिकवणीहि कोंडीत असतात.

आमचे वक्ते आळसावर बोलतांना समर्थांस हमखास साक्षीस बोलावतात. समर्थांचें वाङ्मय आम्हां खान्देशकरांस दूरचें नाहीं. शंकर श्रीकृष्ण देवांच्या परिश्रमानें रामदासी हस्तलिखितांचा मोठा संग्रह धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिरांत जतन झाला आहे. दासबोधाच्या आठव्या दशकांतील सहावा समास दुश्चितनिरूपणाचा आहे, तो ह्या वक्त्यांनीं एकवार वाचावा. समर्थ तेथें दुश्चितपणापासून आळस, आळसापासून निद्रा आणि तिच्यापासून आयुष्याचा नाश अशी परंपरा लावतात. मन आधीं विखुरतें. आळस मागून येतो. समर्थांची दृष्टि अर्थात् परमार्थाकडे होती. तथापि हा क्रम उलटा करून, 'आळशी आहेस म्हणून तुझें चित्त लागत नाहीं' असें पोरांस ऐकविण्याचा अधिकार त्यांच्या नांवावर कोणास मिळत नाहीं.

चित्त विखुरण्यास घर जसें कारण होतें तसें सरकारहि. जळगांव-धुळ्याच्या अभ्यासिकांतून स्पर्धापरीक्षेचीं मुलें दिवस दिवस बसलेलीं दिसतात. चोपडें, साक्री, शिरपूरकडचीं, घरच्या कापसाच्या पैशांवर खाणावळ भागविणारीं. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजीं व्हावयाची, ती पुनःपुन्हां पुढें जाऊन २१ मार्च २०२१ रोजीं झाली. साथ होती, हें आम्हांस मान्य आहे. पण १४ मार्चची ठरलेली परीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आली असतां ती पुन्हां पुढें ढकलली, तेव्हां पुण्यांत मुलें रस्त्यावर उतरलीं. मुलानें एक धडा उद्यांवर टाकला तर तो आळस, आणि मोठ्यांनीं त्याचें एक वर्ष उद्यांवर टाकलें तर ती प्रशासकीय अडचण! तारीख नसलेल्या परीक्षेचा अभ्यास एकाग्रतेनें करून दाखवावा असें आव्हान आम्ही स्नेहसंमेलनांच्या सर्व अध्यक्षांस देतों.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, मग मुलांस मोकळें सोडावें काय? असें आम्हीं कोठें म्हटलें? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते व तेथील छात्रालय सांभाळीत. मुलांनीं पसरलेल्या खोल्या ते स्वतः आवरीत. मुलांसाठीं हातानें लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. त्यास कोणी शिस्तीचा अभाव म्हणणार नाहीं. मुलाजवळ बसणें ही शिस्तीची अवघड तऱ्हा आहे आणि ओरडणें ही सोपी, म्हणून दुसरी अधिक आढळते. पिचिल व त्यांच्या सहकाऱ्यांचें २०१० मधील एक संशोधन सांगतें कीं, पहिल्या परीक्षेच्या वेळीं केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनीं स्वतःला क्षमा केली त्यांनीं पुढील परीक्षेस चालढकल कमी केली. स्वतःला क्षमा करणें मूल शिकणार कोणापासून? ज्या घरांत 'किती पडले?' ह्याखेरीज प्रश्न नाहीं, तेथें शून्य लपविलें जातें, आणि तें लपविण्यास मोबाइलसारखी जागा नाहीं.

त्या बारावीच्या मुलाच्या वडिलांस आम्हीं, शून्याची गोष्ट वगळून, हें सारें सांगितलें. रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा, नुसते बसा, आणि स्वतःचा मोबाइल दुसऱ्या खोलींत ठेवा, एवढीच विनंति केली. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. "तुमचें म्हणणें पटतें," ते म्हणाले, "ह्या रविवारपासून नक्की." ह्या गोष्टीस आतां दोन महिने झाले. परवां पुन्हां विचारलें, तर म्हणाले, कामाच्या गर्दींत राहून गेलें, पुढच्या रविवारपासून.