ऐकू येईना आणि सोसवेना

"मामंजी, पाने वाढलीत!" दोन हाका वाया जातात. तिसऱ्या वेळी सूनबाई आवाज चढवतात, तर मामंजी कानांवर हात ठेवून म्हणतात, "अगं, ओरडतेस कशाला?" घरातली मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि निष्कर्ष काढतात, 'सोयीचे तेवढेच ऐकू येते!'

वाचकहो, हे सोंग नव्हे. अंतःकर्णात सुमारे १२,००० बाह्य केशपेशी मंद ध्वनी वाढवून देण्याचे काम करतात. वयाने अथवा गोंगाटाने त्या झिजल्या की हलके शब्द हरवतात. मोठ्या आवाजाला मात्र त्यांची मदत लागत नाही, तो पूर्वीच्याच जोराने आदळतो. ऐकण्याचा उंबरठा वर चढतो, सोसण्याचे छत तेथेच राहते. छत १०० डेसिबलवर आणि उंबरठा ६० वर, तर संसार मधल्या ४० डेसिबलांत करावयाचा! म्हणून अशा माणसाशी समोर येऊन, नेहमीच्याच आवाजात, सावकाश बोलावे.

श्रवणयंत्र खणात जाऊन पडते तेही बहुधा यामुळेच. सारेच आवाज सारखे वाढवणाऱ्या यंत्रातून ताटवाट्यांचा खणखणाटही घणाघातासारखा लागतो. कोणता आवाज असह्य होतो हे मोजून, मंद ध्वनी अधिक व मोठे कमी वाढतील अशी मर्यादा आजच्या यंत्रात घालता येते. ती घालून घेण्याचा आग्रह धरावा.

घरी बसून कानांत दिवसभर बोळे घालणे मात्र घातक. २००३ साली अमेरिकेत क्रेग फॉर्मबी व सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांच्या कानांत दोन आठवडे बोळे ठेवले, तर त्यांचे कान अधिक हळवे झाले. मंद सरसर ऐकवणारी यंत्रे वापरणाऱ्यांची सहनशक्ती उलट वाढली. समुपदेशन आणि असा सौम्य ध्वनी, ही उपचारपद्धती त्याच तत्त्वावर उभी आहे. तिला काही महिने धीर धरावा लागतो. (मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांपुढे बोळे घालावेतच. त्या ध्वनिक्षेपकांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.)

जामबागेतून कोठीचे सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. उस्मानिया विद्यापीठाचे एके काळचे कुलगुरू नवाब अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच १९७६ साली निवर्तले. त्यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था १९८३ साली मुंबईत स्थापन झाली, आणि तिचे प्रादेशिक केंद्र आपल्या सिकंदराबादेत मनोविकासनगरला आहे. तेथे जाताना खणातले यंत्र बरोबर न्यावे. तपासणी त्याच्यासकट करावयाची असते.