नऊशे डॉलर आणि एक स्क्रूड्रायव्हर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अर्विंगच्या घरात दोन महिने एकच वाद चालू होता. पंधरा वर्षांच्या नातवाला गेमिंग कॉम्प्युटर हवा होता. मुलाचे म्हणणे, तयार लॅपटॉप घे, अभ्यासालाही होईल. सुनेचे म्हणणे, काहीच नको. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. माझे मत कुणी विचारले नव्हते, म्हणून ते इथे मांडतो.

मुलांना तयार गेमिंग कॉम्प्युटर आणून देऊ नका. ठरावीक रक्कम द्या आणि सुटे भाग त्यांनाच निवडू द्या. आणि रक्कम थोडी अपुरीच असू द्या. पैसे पुरले, तर निवडायची वेळच येत नाही.

आमच्याकडे ९०० डॉलर ठरले, कर धरून. नातवाने पहिली यादी केली ती ९०० चीच! मी त्याला सव्वाआठ टक्के विक्रीकराचे गणित करायला लावले. हातात उरले ८३१. ऑगस्टमधल्या करमुक्त शनिवार-रविवारी घेऊ म्हणाला, तर टेक्सासच्या त्या सवलतीत कपडे, दप्तरे, वह्या येतात, कॉम्प्युटर येत नाही. विंडोजचे १३९ डॉलर तर तो विसरलाच होता.

त्या यादीत निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डावर, रंगीत दिव्यांची काचेची पेटी, आणि सगळ्यात स्वस्त काय, तर पॉवर सप्लाय. मी विचारले, हा का? "आजोबा, तो फक्त करंट देतो ना." घरातल्या वायरिंगबद्दल कुणी असे म्हटले असते, तर तुम्ही काय केले असते? मग आम्ही कागद घेऊन बसलो. प्रोसेसर जास्तीत जास्त ९० वॉट, कार्ड १९०, बाकी सगळे मिळून ६०-७०. बेरीज साडेतीनशे. त्याचे मित्र त्याला ८५० वॉटचा घ्यायला सांगत होते. चांगल्या प्रतीचा ६५० चा भरपूर झाला. खोक्यावरचा ब्राँझ किंवा गोल्ड हा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, म्हणजे किती वीज उष्णतेत वाया जाते त्याचा. आतला माल कसा आहे ते तो सांगत नाही. हा फरक मी कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवला, पण इतक्या कान देऊन ऐकणारा विद्यार्थी मला क्वचितच मिळाला.

पण खरी गंमत मॉनिटरची. वडिलांचा जुना मॉनिटर वापरायचा, म्हणजे तेवढे पैसे कार्डात घालता येतील, असा त्याचा हिशेब. तो मॉनिटर ६० हर्ट्झचा. सेकंदाला साठच चित्रे दाखवणार. कार्डाने दीडशे तयार केली, तरी उरलेली नव्वद कुणाला दिसणार? मी उत्तर दिले नाही, नुसते विचारले. दोन दिवस तो गप्प होता. मग स्वतःच महागडे कार्ड खोडून १२ जीबी मेमरीचे इंटेलचे आर्क बी ५८० लिहिले (डिसेंबर २०२४ मध्ये ते २४९ डॉलरला बाजारात आले) आणि वाचलेल्या पैशांत १४४ हर्ट्झचा मॉनिटर बसवला. हे कार्ड जुन्या प्रोसेसरबरोबर मंदावते, हेही त्यानेच शोधून काढले.

प्रोसेसर घेतला सहा कोअरचा रायझन. जुन्या धाटणीचा मदरबोर्ड स्वस्त पडत होता, पण त्याच्या सॉकेटची वाट संपत आलेली. एएम ५ या नव्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे कॉलेजात गेल्यावर नुसता प्रोसेसर बदलता येईल. त्यासाठी काचेची पेटी गेली. साधी काळी आली, पुढून जाळीची, हवा खेळती राहणारी. दिवे गेल्याचे दुःख मात्र त्याला अजून आहे.

आता पालकांचा आक्षेप: शेवटी खेळण्यासाठीच ना? हो. पण आपण कुठे राहतो ते बघा. जॅक किल्बीने १९५८ मध्ये पहिले इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवले ते इथे डॅलसला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला 'डूम' हा खेळ तयार झाला डॅलसच्या पलीकडे, मेस्किटला. १९९६ पासून याच भागात क्वेककॉन भरू लागले. तिथे पोरे आपापले कॉम्प्युटर उचलून आणत आणि एकमेकांना जोडून खेळत. आपल्याकडच्या कितीतरी जणांची नोकरी याच उद्योगाच्या आसपासची आहे, आणि मुलाने कॉम्प्युटरची पेटी उघडली की आपणच ओरडतो.

ओरडणाऱ्यांत मी पहिला. १९९५ मध्ये डोंबिवलीच्या घरी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला ४८६ आणला होता. ८ एमबी रॅम. त्यावर हिने शिवलेले कापडी झाकण. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. आत काय आहे ते एकदा बघू द्या, म्हणून किती दिवस मागे लागला होता. मी म्हणालो, हात लावायचा नाही. माझ्या विषयात मी प्रयोगशाळेत मुलांना सगळे उघडून दाखवत होतो, आणि घरात ही तऱ्हा. तो पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेला, चांगले कमावतो, पण त्याने आजवर एकही कॉम्प्युटर उघडलेला नव्हता. मुलाला लॅपटॉपच घे म्हणणारा तो, आणि त्याला तसे म्हणायला शिकवणारा मी.

जोडणीच्या दिवशी, शनिवारी, जेवणाच्या टेबलावर सगळे मांडले. रॅमच्या पट्ट्या पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत बसवल्या होत्या, त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हलवल्या. दुपारी चारला पडदा उजळला. टाळ्या झाल्या. पण खेळ सुरू केला, तर एकेक पाऊल अडखळत! नातवाचा चेहरा पडला. मी गणित पुन्हा तपासू लागलो. इतका वेळ दारात हाताची घडी घालून उभा असलेला मुलगा काही न बोलता पुढे आला, फोनचा दिवा लावून टेबलामागे पालथा पडला आणि आतून ओरडला, "अरे, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलीय."

केबल बदलल्यावरही तो बराच वेळ बाहेर आला नाही. पेटीची बाजू अजून उघडीच होती. एकेका भागावर दिवा धरून तो नातवाला विचारत होता, हे काय आहे, आणि ते काय आहे.