चाळीचा शेवटचा फोटो

मैत्रिणींनो, परळ-नायगावच्या १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळी पाडून तिथे मनोरे उभे राहताहेत. गिरगावातल्या चाळीही एकेक करून जाताहेत. घर सोडण्याआधी फोटो काढाल ना? मग सासूबाईंना नुसतं भिंतीला टेकवून उभं करू नका. गॅलरी असेल तर कठड्याची रेघ फोटोच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होऊ द्या आणि सासूबाईंना तिसऱ्या दारापाशी उभं करा. नजर रेघेवरून थेट त्यांच्याकडे जाते. बीडीडीत मधला पॅसेज अंधारा. तिथे त्यांना दाराच्या चौकटीत बसवा. तुम्ही आत, खिडकीकडे पाठ करून उभ्या राहा. चेहऱ्यावर उजेड येतो, चौकटीत माणूस उठून दिसतं. मोबाइल मात्र सरळ धरा, नाहीतर चाळ कलंडल्यासारखी वाटते. आणि दारावरच्या खोली नंबराचा वेगळा फोटो घ्याच बरं का! नातवंडांना घर दाखवायला तेवढंच उरेल.